फलकाखालची चिमणी

(एका प्राथमिक शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



आपल्याकडे व्याख्यानमाला बहुधा पुढाऱ्यांच्या नाहीतर साहित्यिकांच्या नावाने चालतात. पहिली ते चौथीला शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींसाठी गाव दर वर्षी हे सभागृह भरवतं, याचं मला अप्रूप वाटतं. म्हणून ‘विषय तुमचा तुम्ही ठरवा’ असं संयोजकांनी म्हटल्यावर मी शाळेच्या फार लांब गेलो नाही. प्राथमिक शाळा आणि भोवतालचे रानजीव यांचं नातं कसं असावं, याबद्दल आज बोलणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना भांडणाची तयारी करायला वेळ मिळेल. प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या अंगावर वन्यजीव वाचवण्याची जबाबदारी टाकू नये. त्यांना ते ओळखायला, मोजायला आणि लिहून ठेवायला शिकवावं. वाचवणं हे मोठ्यांचं काम आहे. ते आपल्याच्याने झालं नाही म्हणून आठ वर्षांच्या पोरांच्या हाती फलक देऊन प्रभातफेरी काढायची, ही पळवाट झाली.

चिमणीपासूनच सुरुवात करू. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन. तो २०१० साली सुरू झाला आणि त्यामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर यांची धडपड होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्या दिवशी शाळाशाळांतून फेऱ्या निघतात. एका खेड्यात अशा फेरीआधी कौलारू शाळेच्या पडवीत मुलं ओळीने उभी होती. हातात ‘चिमणी वाचवा’चे फलक. एक शिक्षक मोबाइलवर फोटो काढत होते. आणि वर वाशांच्या सांध्यांत चिमण्यांनी इतका कलकलाट मांडला होता की मुलांच्या घोषणा ऐकू येईनात. एकाही मुलाने मान वर केली नाही. फोटोत समोर बघायचं असतं ना!

आता चिमणीची खरी स्थिती काय आहे? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. पंधरा हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या सुमारे एक कोटी नोंदी त्याच्या मुळाशी आहेत. त्यातून असं दिसलं की देशभराचा विचार केला तर चिमणीची संख्या गेल्या पंचवीस वर्षांत साधारण टिकून आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद या सहा महानगरांत मात्र ती घटली आहे. म्हणजे मुंबईच्या चिमणीचं दुखणं वेगळं आणि त्या पडवीतल्या चिमणीचं वेगळं. तिथल्या मुलांनी फलक रंगवण्याऐवजी पडवीतली घरटी मोजली असती, कोणत्या महिन्यात पिल्लं ओरडायला लागली ते लिहिलं असतं, तर चार वर्षांत त्या गावाकडे कुठल्याच अहवालात न मिळणारी माहिती जमली असती. आणि तिचा उपयोगही झाला असता. कारण आज ना उद्या त्या कौलारू शाळेच्या जागी स्लॅबची इमारत येणार, वासे जाणार, आणि चिमण्यांचं काय करायचं हा प्रश्न खराच उभा राहणार. मग लाकडी खोकी टांगायची तर भोक साधारण सव्वा इंचाचं हवं; मोठं ठेवलं तर साळुंकी शिरते. पश्चिमेच्या उन्हात टांगलं तर पिल्लं भाजून निघतात. शिवाय वाटीभर तांदूळ ठेवून भागत नाही, कारण पिल्लांना दाण्यापेक्षा अळ्या-किडे लागतात. हे सगळं घोषणेत बसत नाही. मोजणाऱ्या मुलाला मात्र ते एकेक करून आपोआप विचारावंसं वाटतं.

कोणी म्हणेल, शाळेत पर्यावरण शिकवलं जात नाही का? जातं की. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने आदेश दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीने यावा. आदेशावर धूळ बसली, म्हणून २००३ साली पुन्हा बजावावं लागलं. महाराष्ट्रात तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहेच. तिसरीचं पुस्तक तर बालभारतीने जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं काढलं. ही चांगली कल्पना होती, आणि तिचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

पण विषय वेळापत्रकात आला म्हणजे परिसर वर्गात आला असं होत नाही. राज्यप्राणी कोणता, शेकरू. राज्यपक्षी कोणता, हरियल. मराठवाड्यातल्या मुलाने शेकरू पाहिलेला नसणार. तो सह्याद्रीच्या आणि पूर्व विदर्भाच्या झाडीतला. त्याबद्दल तक्रार नाही. पण हरियल? तो तर गावाबाहेरच्या वडावर, उंबरावर फळं खायला थव्याने उतरतो. रंग पानात मिसळणारा, म्हणून चटकन दिसत नाही. पाय पिवळेजर्द, म्हणून एकदा दिसला की विसरत नाही. चौथीतल्या कितीजणांनी तो स्वतःच्या गावातल्या झाडावर पाहिला आहे? उत्तरपत्रिकेत एक गुण मिळतो आणि पक्षी डोक्यावरच्या वडात बसून राहतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी विषयवार अभ्यासगट नेमले होते. ‘परिसर आणि शिक्षण’ या गटाचे अध्यक्ष परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ होते. त्या गटाने मांडलेला विचार मला आजही क्रांतिकारक वाटतो. मुलांनी प्रकल्प म्हणून पुस्तकातली चित्रं कापून चिकटवू नयेत. आपल्या गावातलं पाणी, झाडं, पाखरं, माती यांची खरी माहिती गोळा करावी आणि ती सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी एकत्र साठवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे मूल ज्ञान नुसतं घेणारं न राहता ज्ञानात भर घालणारं व्हावं. गाडगिळांच्या पश्चिम घाटाच्या अहवालावर केवढा गदारोळ झाला. या कागदावर कोणी भांडलंसुद्धा नाही. न भांडता बाजूला ठेवलेले कागद जास्त काळ धूळ खातात.

हा विचार मराठी मुलखाला तसा नवा नव्हता. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आसपास वारली पाडे. मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं चारायला जात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, शाळाच कुरणावर नेली. तिला नाव मिळालं कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं त्यांच्यावर एक डोळा ठेवून शिकताहेत. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसोरीची महागडी साधनं त्यांना चांगली ठाऊक होती. इथे त्यांनी शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. आपण ही गोष्ट नेहमी आदिवासी शिक्षणाचा प्रयोग म्हणून सांगतो. मला ती निसर्गशिक्षणाचीही पहिली मोठी गोष्ट वाटते, कारण तिथे शिक्षकापेक्षा विद्यार्थ्याला रान जास्त कळत होतं, आणि शिक्षकाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आज शाळा कुरणावर नेणं अवघड आहे, हे मान्य. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी बैठकीला गेले की दुसऱ्याने चार वर्ग सांभाळायचे. अशा शाळेतून सहल काढायची तर परवानग्यांचे कागद आणि गाडीचा खर्च. म्हणून मी लांबच्या अभयारण्याबद्दल बोलतच नाही. शाळेच्या परसबागेतल्या लिंबोणीबद्दल बोलतो.

पोषण आहारासाठी हल्ली पुष्कळ शाळांत परसबाग असते, आणि तिच्यात कढीपत्ता आणि लिंबोणी हमखास असते. या दोन्ही झाडांवर काही जातींची फुलपाखरं अंडी घालायला येतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात लिंबोणीवर नीलवंतही येतं. २०१५ साली महाराष्ट्राने राज्यफुलपाखरू म्हणून निवडलेलं तेच. फुलपाखराला असा मान देणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. तर कोवळ्या पानावर खसखशीच्या दाण्याहून थोडं मोठं, पिवळसर, गोल अंडं दिसतं. एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि मुलं म्हणतात, ‘गुरुजी, इथे पक्षी शिटलाय.’ बरोबर आहे. अळीचं सोंगच तसं असतं, काळपट अंगावर पांढरा डाग. पाखराने पाखराची शीट खाऊ नये हा हिशेब. मोठी झाली की ती कात टाकून हिरवीगार होते, मग पानात लपते. काडीने डिवचली तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. तो वास एकदा नाकात गेलेलं मूल ‘स्वसंरक्षण’ हा धडा जन्मात विसरत नाही. पुढे अळी एखाद्या काडीला रेशमी धाग्याचा करगोटा बांधून कोष होते. कोष कधी हिरवा, कधी तपकिरी, आसपासच्या रंगाप्रमाणे. आणि एका सकाळी, बहुधा परिपाठाच्या आधीच, फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवत बसलेलं सापडतं.

पाठ्यपुस्तकातलं जीवनचक्र इथे संपतं. शिक्षण मात्र इथून पुढे सुरू होतं. कारण दहा कोषांतून दहा फुलपाखरं येत नाहीत. काही अळ्या नाचण, शिंपी, सातभाई उचलून नेतात. काही कोष काळे पडतात, त्यांना टाचणीएवढं भोक पडतं आणि त्यातून डझनावारी बारीक माश्या बाहेर पडतात. फुलपाखराची वाट पाहणाऱ्या वर्गात त्या दिवशी सुतक असतं. मुलं चिडतात. ‘त्या माश्या मारायच्या का?’ असा प्रश्न येतो. शिक्षक शहाणा असेल तर तो लगेच उत्तर देत नाही. शाळेतल्या कोबीवरच्या अळ्यांकडे बोट दाखवतो. त्या अळ्यांनाही अशाच माश्या खातात, म्हणून तर कोबी वाचतो. मग माशी चांगली की वाईट? तिसरीतल्या मुलांना या प्रश्नावर अर्धा तास भांडताना ज्याने ऐकलं आहे, त्याला अन्नसाखळीचा तक्ता भिंतीवर लावावासा वाटत नाही.

आणखी एक भांडण ठरलेलं. छोट्या लिंबोणीवर सात-आठ अळ्या बसल्या तर झाड बोडकं होतं. पालक म्हणतात फवारणी करा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना भातासाठी लिंबं हवी असतात, मुलांना फुलपाखरं. रानडुक्कर आणि शेतकरी, नीलगाय आणि शेतकरी या भांडणांचं हे लहान रूप आहे, आणि ते मुलांच्या हाताला येईल एवढं लहान आहे. एका शाळेत मुलांनी तोड काढली: दोन झाडं अळ्यांना, एक भाताला. भाताच्या झाडावरच्या अळ्या उचलून बाकीच्या दोघांवर ठेवायच्या. वन्यजीव व्यवस्थापनावरचे जाडजूड अहवाल शेवटी असंच काहीतरी सांगत असतात.

वाचवण्याची घाई कशी अंगलट येते हेही सांगायला हवं. २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत महाराष्ट्राने ५० कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. पहिल्या वर्षी ४ कोटी, मग १३, मग ३३. शाळांनी त्यात उत्साहाने भाग घेतला, खड्डे खणले, बीजगोळे केले. हेतूबद्दल शंका नाही. पण ही झाडं लावायला मोकळी जागा कुठली, तर माळरानं आणि कोकणातले सडे. सरकारी दप्तरात माळ म्हणजे पडीक जमीन. प्रत्यक्षात तो गवताचा भरला संसार आहे. लांडगा, काळवीट, चंडोल, धाविक, तणमोर आणि माळढोक यांना झाडी नको असते. त्यांना लांबवर दिसेल असं उघडं रान लागतं. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. त्या परिसरातल्या गवतातही कधीकाळी गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते, आणि देशभरात मिळून हा पक्षी दीडशेही उरलेला नाही. माळढोक संपण्याची कारणं अनेक आहेत, शिकार, शेती, विजेच्या तारा. ते पाप मी शाळेच्या माथी मारत नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेतल्या पोरांनी माळावर बीजगोळे फेकून टाळ्या घेतल्या असतील, तर त्यांना चुकीचं शिकवलं गेलं आहे. खड्डा खणण्याआधी एक महिना त्या माळावर बसून कोण राहतं ते लिहून काढा, एवढी अट जरी घातली तरी निम्मे खड्डे वाचतील. पोरांनी दिलेली यादी वाचून वनरक्षकाचा हात थबकला, असं घडलं तर मला त्याचं जास्त कौतुक वाटेल.

शाळेने स्वतःच्या हाताने करावी अशीही कामं आहेत, नाही असं नाही. संक्रांतीनंतर झाडांवर लटकलेला मांजा उतरवून, न जाळता गुंडाळून कचऱ्यात देणं हे त्यातलं एक. नायलॉन मांजावर हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली आहे; तरी घारी, बगळे, वटवाघळं त्यात अडकतात. इथे फायदा त्याच आठवड्यात दिसतो, नुकसान कोणाचं नाही. मात्र उंचावरचा मांजा मोठ्यांनीच काढायचा. आणि जमिनीवर बसलेलं बुलबुलाचं पिल्लू खोक्यात घालून वर्गात आणायचं नाही. त्याचे आईबाप दहा फुटांवर बसून आपण कधी जातो याची वाट पाहत असतात.

आता जरा अवघड विषय. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यातल्या मुलाला निसर्गशिक्षण कसं द्यायचं? तिथे बिबट्या उसात वितो. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, आणि ती आईकडे पोचवण्यासाठी वनखात्याची माणसं रात्र जागवतात. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण त्याच गावांत बिबट्याने माणसं मारली आहेत, त्यात लहान मुलं आहेत. अशा शाळेत शहरातून पाहुणा येतो, सुंदर चित्रफीत दाखवतो आणि म्हणतो, ‘बिबट्या आपला मित्र आहे.’ समोरच्या मुलाच्या घरची शेळी गेल्या महिन्यात गेलेली असते. हे शिक्षण खोटं आहे, आणि मुलांना खोटेपणा मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. वन्यजीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासाने दाखवलं की शेताशिवाराच्या दाट वस्तीतही बिबटे वर्षानुवर्षं राहतात. ते वाट चुकून आलेले पाहुणे नव्हेत. मग मुलाला काय सांगायचं? अंधार पडला की एकटं जायचं नाही. मोठ्याने बोलत, गाणी लावत चालायचं. उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही. दिसला तर पळायचं नाही. आणि मुलांकडून काय शिकायचं? कोणत्या बांधावर पाऊल उमटलं, कोणत्या दिवशी कुत्रं गेलं, कुठला रस्त्याचा दिवा बंद आहे. या नोंदी वर्गात नकाशावर मांडल्या तर ग्रामपंचायतीला आधी कुठे दिवा लावायचा हे कळेल. वारली आणि महादेव कोळी वाघोबाला देव मानून वाघबारस करतात. त्यात प्रेमाइतकंच भय आहे, आणि त्या भयात अक्कल आहे. आपल्या पर्यावरणाच्या धड्यांतून हे भय पुसून टाकलेलं असतं.

मुलांमुळे कुठेच काही बदललं नाही का, असं विचाराल. बदललं. नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या जलाशयावर दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाणे लाखोंनी उतरतात. सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे जाणारा हा चिमुकला शिकारी पक्षी. त्यातले काही आपल्या महाराष्ट्रावरून अरबी समुद्रावर झेपावतात. २०१२ च्या हिवाळ्यात तिथे मासेमारीची जाळी टांगून हे पक्षी पकडले जात होते, एका हंगामात लाखाच्या घरात. ते जगासमोर आणणाऱ्या चमूत पत्रकार बानो हरालू यांच्याबरोबर शशांक दळवी हे आपले मराठी पक्षीअभ्यासक होते. पुढच्याच वर्षी, २०१३ साली, कत्तल थांबली. पांगती आणि शेजारच्या गावांत मुलांची निसर्गमंडळं निघाली, मुलं पक्ष्यांचा प्रवास नकाशावर शिकली.

ही गोष्ट सांगताना ‘मुलांनी गाव बदललं’ असं म्हणण्याचा मोह होतो. तसं म्हणू नये. ग्रामसभांनी ठराव केले, चर्चने सांगितलं, वनखातं आणि संस्था उभ्या राहिल्या. त्या धरणात लोकांची सुपीक शेतं बुडाली होती. पक्षी पकडणं हे त्यातून आलेलं उत्पन्न होतं, हौस नव्हती. ते उत्पन्न ज्यांनी सोडलं ते मोठे लोक होते. मुलांनी काय केलं? ससाणा कुठून येतो, किती वजनाचा असतो, कुठे जातो हे घरी जाऊन सांगितलं. जाळ्यातल्या मांसाला त्यांच्यामुळे गाव, रस्ता आणि मुक्काम मिळाला. प्राथमिक शाळेच्या हातात इतकंच असतं, आणि हे थोडं नाही.

आपल्याकडे वेळासची कथा आता सर्वांना पाठ आहे. तिचा आरंभ मात्र कमी सांगितला जातो. मंडणगड तालुक्यातल्या या किनाऱ्यावर २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी फिरत होते. मोजायला गेले गरुड आणि वाळूत सापडली कासवाच्या अंड्यांची टरफलं. त्यांना ती दिसली, कारण ते डोळे उघडे ठेवून हिंडत होते. मग गावकऱ्यांना हाताशी धरून घरट्यांची राखण सुरू झाली, कासवमित्र तयार झाले, २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. आपल्या संतवाङ्‌मयातली कासवी पिल्लांना नुसत्या नजरेने वाढवते. खरी ऑलिव्ह रिडले कासवी मात्र शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांचं तोंडही पाहत नाही. ती ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं: वाळू जास्त तापली तर माद्या अधिक. आता विचार करा, किनाऱ्यालगतच्या प्रत्येक प्राथमिक शाळेने फक्त एक तापमापक घेऊन वाळूचं तापमान लिहिलं, वर्षामागून वर्षं, तर केवढा ऐवज जमेल! मुलं आज पिल्लं समुद्रात जाताना टाळ्या वाजवतात, त्या टाळ्यांना माझी हरकत नाही. हातात वहीही असू द्या, इतकंच.

कारण आकड्याची ताकद मोठी असते. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका कासवीच्या पायाला धातूची पट्टी लावली. २०२५ च्या जानेवारीत तीच कासवी आपल्या गुहागरला अंडी घालायला आली. पूर्व किनाऱ्याची कासवं आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगळी, ही समजूत त्या एका पट्टीने हलली. पट्टीवरचा आकडा होता ०३२३३. कोणीतरी तो नीट लिहून ठेवला होता, आणि दुसऱ्या कोणीतरी तो नीट वाचला.

असं काम मुलांना झेपतं का? केरळात झेपलं आहे. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला. मुलाने एक झाड निवडायचं, आठवड्यातून एकदा बघायचं, आणि कोवळी पानं, फुलं, फळं आहेत का एवढं लिहायचं. दहा मिनिटांचं काम. यातल्या फार मोठ्या संख्येने नोंदी केरळातल्या शाळकरी मुलांनी केल्या आहेत. तिकडे विषूच्या सणाला बहाव्याची फुलं लागतात, आणि हल्ली बहावा सणाआधीच फुलतो अशी लोकांची कुरकुर आहे. कुरकुर खरी की खोटी, हे सांगायला आता मुलांच्या वह्या आहेत. बहावा आपल्याकडेही आहे. आपण तो कधी फुलला ते व्हॉट्‌सॲपवर टाकतो आणि विसरतो.

शिक्षकांची बाजू मी विसरलेलो नाही. जनगणना, निवडणूक, सर्वेक्षणं, आणि प्रत्येक उपक्रमाचा फोटो चढवायचा. झाड लावलं की फोटो, दिन साजरा केला की फोटो. झाड जगलं का, हे विचारणारा रकाना मात्र बहुधा नसतो. त्यामुळे मी आणखी एक उपक्रम सुचवतोय असं केंद्रप्रमुखांनी समजू नये. उलट चार दिन कमी करा आणि त्या वेळात एक वही चालवा, असं म्हणतोय. वही पहिलीच्या मुलाने चित्राने भरावी, चौथीच्या मुलाने शब्दांनी. वर्ष संपलं की ती रद्दीत न जाता पुढच्या वर्गाकडे जावी. वरच्या वर्गातल्या ताईने तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ‘उंबरावर हरियल’ ही नोंद खालच्या वर्गातल्या पोराने वाचली की ते पोर आपोआप उंबराखाली जाऊन उभं राहतं.

अशा वहीला कायद्याने जागा आधीच करून ठेवली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि तिने गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बरीच वर्षं ती ठेवली गेली नाही. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे महिन्याला दहा लाखांचा दंड लावला, आणि धावपळ करून वह्या भरल्या गेल्या. काही वह्या वाचताना आपण शेजारच्या गावाची वही वाचतोय की काय असा भास होतो, इतक्या याद्या सारख्या. ती वही एकदा भरून कपाटात ठेवायची नाही. ती दर वर्षी वाढायला हवी. आणि गावात दर वर्षी हिंडून, वाकून, झाडावर चढून बघणारी जमात एकच आहे, ती प्राथमिक शाळेत बसलेली असते.

म्हणून आपणा सर्वांना माझी विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी आपापल्या ग्रामपंचायतीत जा आणि लोकजैवविविधता नोंदवही बघायला मागा. ती गावाचीच वही आहे. तिच्यातल्या पाखरांची यादी उतरवून घ्या, शाळेत नेऊन द्या, आणि मुलांना विचारा, यातली कोणती तुम्ही पाहिली आहेत आणि कोणती या यादीत राहून गेली आहेत. राहून गेलेली नावं ग्रामसभेत वाचून दाखवण्याची व्यवस्था तुम्ही करा, कारण मुलांना तिथे मत नसतं. ग्रामसेवक म्हणतील, पुढच्या बैठकीत बघू. पुढच्या बैठकीलाही जा.